ताडपत्री : एका शब्दाचा प्रवास
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

गणपती बाप्पा मोरया!

भाद्रपदात पावसाचा नेम नसतो. म्हणून मांडव घालताना पहिली आठवण होते ती ताडपत्रीची. मराठीत ताडपत्री, गुजरातीतही ताडपत्रीच. हिंदी भाषिक शेजारी मात्र तिरपाल म्हणतात. या सगळ्यांच्या मागे जहाजावरचा एक इंग्रजी शब्द आहे : टारपॉलिन.

टार म्हणजे डांबर. पुढचा भाग आच्छादनाच्या कापडाचा, असे कोशकार मानतात. शिडाच्या जाड कापडाला डांबर चोपडले की पाणी आत येत नसे. त्याने जहाजावरचा माल झाकत. खलाशी वादळवाऱ्यात तसल्याच कापडाचे कपडे आणि टोपी घालत, तेव्हा त्या टोपीलाही टारपॉलिन म्हणू लागले. पुढे तर खलाशालाच ते नाव पडले. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारात दोन प्रकारचे कप्तान असत : घराण्याच्या जोरावर आलेले, आणि दोर ओढत, पावसात भिजत वर चढलेले. दुसऱ्यांना ‘टारपॉलिन’ म्हणत. डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्याला हा अर्थ फार जवळचा वाटतो!

आपली सुरत तर बंदराचे गाव. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाज घेऊन इथे आला. अशा जहाजांवरचे शब्द किनाऱ्यावरच्या लोकांच्या कानांवर पडत राहिले. ताडाची पाने आपल्याला ओळखीची. त्यांवर पोथ्या लिहिल्या, झोपड्या शाकारल्या. उच्चार जवळचा, कामही तेच. मग टारपॉलिनला ताडपत्री म्हणणे जड गेले नाही.

रेनकोटही याच डांबराचा नातेवाईक. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून दोन कापडांमध्ये त्याचा थर दिला. आजच्या ताडपत्रीत ना ताड, ना डांबर. असते ते प्लॅस्टिक. नाव मात्र टिकले.

पण आपली स्वतःची पाऊससाधने? कोकणात भातलावणी करताना पाठीवर इरले. घाटावर आणि खानदेशात घोंगडी, नाहीतर गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ. आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा खोळ पांघरून शेतात गेले. त्यांची नातवंडे गोडादऱ्यात रेनकोट घालून शाळेत जातात. ही प्रगतीच आहे. पण ‘खोळ म्हणजे काय?’ असे मुलांनी विचारले आणि घरात उत्तर देणारे कोणी उरले नाही, तर तो तोटा कोणत्याही पुराने केलेल्या नुकसानीएवढाच मोठा.

तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते, तसेच आपणही आलो. इथली भाषा आपण आपली केली, त्यात कमीपणा नाही. ताडपत्रीनेही तेच केले. एवढीच विनंती : या दहा दिवसांत प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून पावसाचे पाच जुने शब्द ऐकून वहीत लिहावेत. अहिराणी असले तर फारच छान.

जय महाराष्ट्र, जय गुजरात!