वाघिणी पाण्यावर चढतात तेव्हा



पश्चिमेकडून न्यूयॉर्कला येणारे बहुतेक रेल्वेमार्ग न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर येऊन अडत. गिऱ्हाईक मात्र हडसन नदीपलीकडे, मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमध्ये. मग डेकवर रूळ टाकलेली बिनइंजिनाची बार्ज आली. भरलेल्या वाघिणी तिच्यावर ढकलायच्या आणि टगबोटीने पलीकडे न्यायच्या. न्यू जर्सीतले ग्रीनव्हिल ते ब्रुकलिन अशी ही वाहतूक अजूनही चालते.

कसब आहे ते ढकलण्यात. एका कडेचा रूळ सलग भरला, की बार्ज त्या अंगाला कलते, किनारा आणि बार्ज यांमधल्या जोडपुलावरचे रूळ पिळवटतात, वाघिणी घसरतात. म्हणून तीन रुळांच्या बार्जवर साधारण रीत अशी: आधी मधला रूळ, मग एका कडेचा अर्धा, मग दुसऱ्या कडेचा पूर्ण आणि शेवटी पहिल्या कडेचा उरलेला अर्धा. उतरवताना क्रम उलटा. गाडी धुरजड किंवा उलाळ होऊ नये म्हणून आपला शेतकरी पोती मागेपुढे करतो. इथे डावे-उजवेही सांभाळायचे. शिवाय भरती-ओहोटी आहेच. बिजागरीचा जोडपूल पाण्याबरोबर वरखाली होतो. त्यावर इंजिनाचा भार नको, म्हणून इंजिनापुढे रिकाम्या सपाट वाघिणी जोडतात.

आता मॉडेल रेल्वेकडे येऊ. 1:87 प्रमाणात 300 फुटी बार्ज जेमतेम मीटरभर होते. ती फळीवर बसलेली, कलणार कशी? कोणताही रूळ आधी भरा, काही बिघडत नाही. तरीही हा नियम पाळावाच, असे माझे ठाम मत आहे. अर्धा रूळ भरून थांबायचे, उरलेल्या वाघिणी यार्डात कुठे तरी ठेवायच्या, पुन्हा त्यांच्याकडे यायचे. शंटिंगची सगळी गंमत या अडवणुकीत आहे. नियम सोडला तर उरते नुसती ढकलाढकली.

नमुना हवा असेल तर जर्सी सेंट्रल रेल्वेचे ब्राँक्स टर्मिनल पाहा. हार्लेम नदीकाठचे हे चिमुकले यार्ड आता उरलेले नाही; त्याच्या मधोमध गोलाकार मालगोदाम होते. प्रत्येक वाघीण बार्जवरूनच येई आणि बार्जवरूनच जाई. शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदीचा कायदा झाल्यावर 1925 मध्ये इथे 1000 क्रमांकाचे डिझेल इंजिन आले. ते आज बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. घरात जागा कमी असलेल्या हौशी मंडळींनी सुरुवात या यार्डापासूनच करावी.