रानपिंगळा

पहाटेच्या अंधारात दारी येणारा पिंगळा जोशी ज्या पाखराच्या बोलीवरून भविष्य सांगतो असे मानतात, तो गावालगतचा ठिपक्यांचा पिंगळा मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचा वनवासी भाऊबंद रानपिंगळा मात्र ११३ वर्षे कोणा पक्षितज्ज्ञाच्या दृष्टीस पडला नाही.

उंची जेमतेम वीतभर, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. डोके व चोच अंगाच्या मानाने थोर. पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरे. घुबडाच्या जातीचा असून हा वावरतो दिवसाढवळ्या. सागाच्या विरळ रानात उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकीत तो सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ टिपतो. घरटे झाडाच्या ढोलीत. मादी अंड्यांवर बसली की तिच्या अन्नाची चिंता नर वाहतो. आणि हाच नर क्वचित आपली पिल्ले खातानाही आढळला आहे!

१८७२ साली ब्ल्यूइट यांना छत्तीसगडात हा पक्षी मिळाला. पुढील वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून त्याला त्यांचेच नाव दिले. खानदेशात सनदी सेवेत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनीही काही नमुने जमविले. १८८४ नंतर सारे शांत. संग्रहालयांतून उरली ती अवघी सात कातडी.

त्यांतील एकावर चिठ्ठी होती : गुजरातेतील मांडवी, १९१४, संग्राहक कर्नल माइनर्त्झहागेन. शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलत्याच रानात हिंडले. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी कातड्याची शिवण व भरण तपासली, तेव्हा तो नमुना डेव्हिडसन यांचाच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, असे निष्पन्न झाले. दप्तरात शिरलेली खोटी नोंद किती वर्षे खरी म्हणून चालते, हे दप्तरी काम करणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

चिठ्ठी बाद होताच वाट मोकळी झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात सकाळच्या उन्हात तो दिसला. पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात, डांगात, आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. त्यामुळे २०१८ मध्ये त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ ऐवजी ‘संकटग्रस्त’ अशी झाली. परंतु ढोलीची जुनी झाडे सरपणासाठी आणि शेतीसाठी पडतच आहेत. आणि पोकळ झाडाला वनखात्याच्या हिशेबी फारशी किंमत नसली, तरी रानपिंगळ्याची वीण तेवढ्याच पोकळीवर अवलंबून आहे.