प्रेक्षकाने स्पष्ट बोलावे



चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याला ‘कसा वाटला?’ असे विचारले, तर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक ‘भारी’ आणि दुसरे ‘टाइमपास’. काय आवडले, काय खटकले आणि का खटकले, हे तिसरे उत्तर फारसे कोणी देत नाही. त्यातही विषय देवाधर्माचा किंवा इतिहासाचा असेल तर उत्तर एकच उरते. ‘आपला विषय आहे, त्याला नावे कशी ठेवायची?’ हा संकोच वरवर श्रद्धेचा वाटतो. परंतु हाच संकोच त्या श्रद्धेची हानी तर करीत नाही ना, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

कन्नड हे औट्रम घाटाच्या वरच्या अंगाचे तालुक्याचे गाव. आले, कापूस आणि मका पिकवणारा हा परिसर. मोठ्या पडद्यावर नवा चित्रपट पाहायचा तर पुष्कळदा सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. असे असले तरी येथील प्रेक्षक जगापासून दूर राहिलेला नाही. जपानची चित्रमालिका, मुंबईची मालिका आणि दक्षिणेचा चित्रपट हे सारे त्याच्या भ्रमणध्वनीवर एकाच वेळी येऊन पोहोचले आहे. आजोबा कीर्तन ऐकत असतात आणि त्याच ओसरीवर नातू जपानी राक्षसांचे युद्ध पाहत असतो. या प्रेक्षकाची मते कोणी विचारत नाही. त्यानेही ती मोकळेपणाने मांडण्याची सवय स्वतःला लावून घेतलेली नाही.

जपानी चित्रपटकलेशी मराठी घरांची ओळख आजची नाही. १९९३मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागत असे. मोगलीची ती मालिका मुळात जपानी होती. तिच्या हिंदी अवतारात शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि गीत गुलजारांचे होते. त्यामुळे ती परकी आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. २००५च्या सुमारास ‘डोरेमॉन’ आला, पाठोपाठ ‘शिनचॅन’ आला. शिनचॅनच्या उर्मट बोलण्याविषयी पालकांच्या तक्रारी वाढल्या आणि २००८मध्ये केंद्र सरकारने ती मालिका बंद केली. पुढे काटछाट होऊन ती परतली. या प्रकरणातून घेण्यासारखा धडा मात्र फार थोड्यांनी घेतला. चित्रे हलतात म्हणजे ते लहान मुलांचेच असते, हा समज आजही घरोघरी टिकून आहे. जपानमध्ये ‘अॅनिमे’ ही सर्व वयांसाठी असलेली कला आहे. तेथे बालकांसाठी वेगळ्या कथा असतात आणि प्रौढांसाठी वेगळ्या. ‘कार्टूनच आहे’ असे म्हणून भ्रमणध्वनी मुलाच्या हाती देणाऱ्या पित्याने पाच मिनिटे शेजारी बसून पाहिले, तर शिरच्छेद आणि रक्तपात पाहून तो चपापल्याशिवाय राहणार नाही. येथे दोष जपानी कलावंतांचा नाही. न पाहता मुलांना दाखवणाऱ्यांचा आहे.

मग त्या कलेत तरुणांना एवढे काय सापडते? ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. ही कथा आहे कोळसा विकणाऱ्या गरीब कुटुंबातील मुलाची. कुटुंब राक्षसाने मारले आहे, वाचलेली बहीण राक्षसीण झाली आहे, आणि तिला पुन्हा माणूस करण्यासाठी हा भाऊ झुंजतो आहे. बहीण-भावाचे नाते, पित्याकडून आलेले अग्निनृत्य, श्वासावर मिळवलेला ताबा, मरणाऱ्या शत्रूविषयीही वाटणारी करुणा, हा सारा ऐवज तेथील परंपरेतून आला आहे. २०२३मध्ये येथे आलेल्या माकोतो शिंकाई यांच्या ‘सुझुमे’मध्ये २०११च्या भूकंपाची आणि त्सुनामीची जखम आहे. ओसाड पडलेल्या गावांतील दारे बंद करताना तेथे एके काळी राहणाऱ्या माणसांचे स्मरण केले जाते. जपानी कलावंत आपल्या देवळांविषयी आणि पूर्वजांविषयी भाषण देत नाहीत. ते एक कथा सांगतात आणि त्या कथेत देऊळ आपोआप येते. त्यांच्यात उणिवाही आहेत. युद्ध ऐन रंगात आले असताना प्रत्येक पात्राची पूर्वकथा उलगडत बसण्याची खोड ‘इन्फिनिटी कॅसल’मध्ये फार जाणवते. एका चित्रपटात संपू शकणारी लढत तीन चित्रपटांत वाटून टाकण्यात व्यापारही आहेच. परंतु चित्रामागचे श्रम कोणी नाकारू शकत नाही.

याच श्रमांचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. जपानी निर्माते युगो साको १९८३मध्ये भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने. एका वृत्तपत्रीय बातमीमुळे गैरसमज झाला आणि परदेशी माणसाने रामायणावर मनमानी चित्रण करू नये, असा निषेध विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे नोंदवला. गैरसमज दूर झाला. साको यांनी रामायणाच्या दहा जपानी आवृत्त्या वाचून काढल्या आणि ही कथा चित्रांतूनच सांगता येईल, असा प्रस्ताव मांडला. भारत सरकारने मात्र विषय संवेदनशील असल्याचे सांगून अखेर हात आखडता घेतला. चित्रपट जपानमध्ये तयार झाला. दिग्दर्शनात कोइची सासाकी यांच्याबरोबर आपले राम मोहन होते, संगीत वनराज भाटिया यांचे होते आणि सुमारे ४५० कलावंत त्यावर राबले. जानेवारी १९९३मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. त्यानंतर देशभरातील चित्रपटगृहांत तो रीतसर पोहोचला २४ जानेवारी २०२५ला, म्हणजे ३२ वर्षांनी. तोवर साकोही हयात नव्हते आणि राम मोहनही.

हा चित्रपट निर्दोष आहे का? नाही. युद्धाला त्यात पुष्कळ वेळ मिळाला आहे आणि वनवासाची दीर्घ वर्षे मात्र भराभर उलटतात. तरीही अयोध्येचा प्रकाश, अरण्यातील शांतता आणि रामाच्या मुद्रेवरील संयम पाहताना एक गोष्ट स्पष्ट कळते. हे काम करणाऱ्यांनी आधी विषयापुढे मान लवविली आणि मग कुंचला उचलला.

आता त्याच कथेवरील स्वदेशी चित्रपट पाहा. जून २०२३मध्ये ‘आदिपुरुष’ आला. ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ आणि ‘तान्हाजी’ देणारे मराठी दिग्दर्शक ओम राऊत, प्रचंड खर्च, आधुनिक तंत्र, सारे काही होते. परंतु हनुमंताच्या तोंडी गल्लीतील टपोरी भाषा घातली गेली आणि लोकक्षोभानंतर संवाद बदलावे लागले. येथे प्रेक्षक स्पष्ट बोलला, हे चांगलेच झाले. मात्र तो संवादांवरच थांबला. लंकेला काळोखी रंग का दिला, रामाचे धीरोदात्तपण कोठे हरवले, संगणकाने काढलेली वानरसेना निर्जीव का भासते, हे प्रश्न मागेच राहिले. एक परदेशी माणूस दहा रामायणे वाचतो आणि घरचा माणूस घरच्या कथेला गृहीत धरतो. अंतर पडते ते येथे.

२५ जुलै २०२५ला आलेला ‘महावतार नरसिंह’ हा अश्विन कुमार यांचा अॅनिमेशनपट त्या मानाने पुढचे पाऊल आहे. नामांकित नट नसताना त्याने देशभर गर्दी खेचली. प्रल्हादाची निष्ठा त्यात खरी उतरली आहे आणि बापलेकांमधील प्रसंग मन धरून ठेवतात. परंतु लढाया लांबल्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी त्या संगणकीय खेळासारख्या दिसतात. कन्नडच्या प्रेक्षकाला याची तुलना करण्यासाठी दूर जावे लागत नाही. वेरूळच्या १५व्या, म्हणजे दशावतार लेण्यात, नरसिंह आणि हिरण्यकशिपू यांचे शिल्प आहे. शिल्पकाराने पोट फाडण्याचा क्षण निवडलेला नाही. ढाल-तलवार घेतलेल्या दैत्यावर नरसिंहाचा हात नुकताच पडतो आहे, एवढाच क्षण त्याने धरला. पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून तो स्तब्ध होतो. कैलास लेण्यात तर रामायण आणि महाभारताचे प्रसंग ओळींमागून ओळी मांडलेले आहेत. चित्रांच्या क्रमातून कथा सांगण्याची विद्या या भूमीला बाराशे वर्षांपूर्वी अवगत होती. दादासाहेब फाळके यांनीही १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा आगकाड्या नाचवणारा अॅनिमेशनपट केला होता. वारसा असा असताना आजच्या कामाला ‘पहिलाच प्रयत्न आहे’ म्हणून सवलत मागण्याचे कारण नाही.

आणि इतिहासपट? १४ फेब्रुवारी २०२५ला ‘छावा’ प्रदर्शित झाला. संभाजीनगरला तो पाहून कन्नडकर जुन्या रस्त्याने परतला असेल, तर वाटेत खुलताबाद लागले असेल. तेथे औरंगजेबाची कबर आहे. ज्याने महाराजांना हालहाल करून मारले, तो याच मातीत मिळाला आणि स्वराज्य मात्र उरले, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. विकी कौशल यांचा आवेश आणि अक्षय खन्ना यांचा थंड क्रूरपणा दोन्ही प्रभावी आहेत. परंतु ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा पडद्यावर पुरेसा दिसत नाही. डरकाळी फार ऐकू येते, बुद्धी कमी दिसते. या चित्रपटानंतर मध्य प्रदेशात असीरगडाजवळ लोक रात्री मोगलांचे सोने शोधण्यासाठी शेते खणू लागले. चित्रपटाने इतिहासाची ओढ लावली आणि हाती ग्रंथाऐवजी कुदळ आली, तर त्या ओढीचा काय उपयोग? शिवाजी सावंतांची मूळ कृती हीसुद्धा कादंबरी आहे. तिच्यापलीकडे वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांचे संशोधन उभे आहे. चित्रपट पाहिलेल्या शंभरांतील दहांनी जरी ते ग्रंथ उघडले, तरी ‘छावा’ने मोठे काम केले असे म्हणता येईल.

योगायोग असा की, ‘इन्फिनिटी कॅसल’ ज्या दिवशी लागला त्याच दिवशी सुबोध खानोलकर यांचा मराठी ‘दशावतार’ही लागला. कोकणातील लोककला, जंगल आणि त्यावर डोळा ठेवणारा खाणउद्योग हा त्याचा विषय. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री असा उभा केला आहे की, कलावंताची निष्ठा म्हणजे काय ते समजावे. उत्तरार्धात कथा सूडाच्या नेहमीच्या वाटेने जाते, ही त्याची उणीव. तरीही आपली माती, आपली कला आणि आजचा प्रश्न यांना त्याने एकत्र बांधले, हे मान्य करावे लागेल. जपानी जे करतात ते मराठीतही करता येते, याचा हा पुरावा आहे.

दूरचित्रवाणीविषयी मात्र असे समाधानाने बोलता येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागले आणि तीन पिढ्या एकत्र बसल्या. त्याआधी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’नेही असेच घर एकत्र केले होते. परंतु बहुतेक दैनंदिन मालिकांत विषप्रयोग, अपहरण, स्मृतिभ्रंश आणि सासू-सुनांची कारस्थाने यांचेच चक्र फिरत असते. आल्याला भाव मिळेल की नाही, या विवंचनेतले शेतकरी कुटुंब त्यांत दिसत नाही. घराघरांत तीच मालिका चालू असते, तीच नावे ठेवली जातात आणि तीच उद्या पुन्हा लावली जाते. नावे ठेवणे आणि मत देणे यांत फरक आहे. ज्याने मत दिले, त्याने दूरनियंत्रकाचे बटण दाबण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

शेवटी एक बाब, जी सर्वांत जास्त बोचावी. जपानी रामायण २०२५मध्ये इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत आले. ‘महावतार नरसिंह’ हिंदीसह दक्षिणेच्या चार भाषांत आला. ‘इन्फिनिटी कॅसल’लाही हिंदी, तमिळ आणि तेलुगू लाभल्या. मराठी कादंबरीवर मराठी दिग्दर्शकाने केलेला ‘छावा’ ७ मार्चला तेलुगूत आला. यांपैकी एकाही यादीत मराठी नाही. मराठी माणूस हिंदीत पाहतोच, असे व्यापाऱ्याचे गणित आहे आणि ते गणित प्रेक्षकाच्या मौनावर उभे आहे. तेलुगू प्रेक्षकाने आपली भाषा मागितली आणि तिच्यासाठी तिकीटही काढले. प्रल्हादाची प्रार्थना कन्नडच्या मुलाने मायबोलीत ऐकावी, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

म्हणून प्रेक्षकाने स्पष्ट बोलावे. मुलांच्या हाती देण्यापूर्वी स्वतः पाहावे. चित्रपट आपल्या विषयावरचा आहे एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत आणि परक्याचा आहे एवढ्यावर तो त्याज्य मानू नये. सुटीत मुलांना वेरूळच्या १५व्या लेण्यात न्यावे, नरसिंहासमोर उभे करावे आणि पाहिलेल्या चित्रपटाविषयी त्यांचे मत विचारावे. मुले स्पष्टच बोलतील. ते ऐकून घेण्याची तयारी मोठ्यांनी ठेवावी.