कळपासाठी पैदाशीचा मेंढा

साधारण 25 ते 30 मेंढ्यांमागे एक मेंढा पुरतो. मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. मेंढा मात्र एकाच हंगामात 25-30 कोकरांचा बाप होतो. या कोकरांचे निम्मे गुण त्याच्याकडून येतात. त्याच्या लेकी कळपात राखल्या आणि पुढे दर पिढीला बाहेरचा नवा मेंढा आणला, तर तिसऱ्या पिढीत आठातले सात भाग रक्त नर मेंढ्यांच्या बाजूचे असते. कळप सुधारतो किंवा बिघडतो तो मुख्यतः मेंढ्यामुळे.

औसा तालुक्यात आणि लातूर-नांदेडच्या माळरानांवर धनगर-हटकर मेंढपाळांकडे मुख्यतः दख्खनी मेंढी आहे. ती बहुधा काळ्या रंगाची, काटक आणि लांब चालणारी असते. पूर्ण वाढलेला मेंढा सुमारे 38 ते 40 किलोचा भरतो. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. पण कळपाचे उत्पन्न आता कोकरांच्या विक्रीवर चालते. त्यामुळे कोकराची वाढ आणि मेंढीचे दूध हे निवडीचे पहिले निकष ठरतात.

निवडीतली सर्वांत मोठी हानी बाजारामुळे होते. लवकर अंग धरणारी नर कोकरे तीन-चार महिन्यांतच व्यापारी उचलतात. मागे राहते ते किडमिडे, आणि तेच पुढे कळपाचा मेंढा होते. असे काही पिढ्या चालले की कळप आपोआप खुजा होत जातो. यावर उपाय एकच: विक्रीपूर्वी त्या हंगामातली उत्तम दोन-तीन नर कोकरे खूण करून बाजूला ठेवणे. निवड एकाच हंगामातल्या कोकरांत, तीन महिन्यांचे वजन ताडून करावी. जुळ्यातले किंवा पहिलारू मेंढीचे कोकरू थोडे हलके भरले, तरी तेवढ्यावरून ते बाद करू नये. त्याला दूधच कमी मिळालेले असते.

कोकराइतकीच त्याची आई पाहावी. दरवर्षी वेळेवर विणारी, पान्हा न चोरणारी, भरल्या कासेची, दोन्ही सड चालू असलेली आणि कोकरू न टाकणारी मेंढी असेल, तर तिचा लेक ठेवण्याजोगा असतो. मेंढ्याच्या अंगावर दूध दिसत नाही. ते त्याच्या आईकडे पाहूनच कळते.

मग मेंढा हाताने तपासावा. दोन कायमचे दात आलेला मेंढा साधारण सव्वा ते दीड वर्षाचा असतो. कामाला लावायला हे वय योग्य. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकले पाहिजेत, नाहीतर चरणे अर्धवट होते. पाय सरळ, खूर घट्ट, छाती रुंद, पाठ सपाट हवी. डोळ्याची खालची पापणी ओढल्यावर आत लाली दिसावी; फिकटपणा बहुधा जंतांमुळे येतो. दोन्ही वृषण सारखे, मोठे आणि टणक हवेत. एकच वृषण खाली उतरलेला, किंवा वृषणात गाठ व सूज असलेला मेंढा घेऊ नये. गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेलोसिस रोगासाठी पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे.

बाहेरून मेंढा आणायचा तर वंशाची नोंद असलेला आणावा. 1978 मध्ये स्थापन झालेल्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे तुळजापूर तालुक्यातील तीर्थ आणि नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे आहेत. जत भागातला माडग्याळ मेंढा उंच आणि वजनदार असतो. पण त्याच्या संकरित कोकरांना खुराकही तेवढाच लागतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणले. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या मेंढ्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत उतरते, आणि अशा मेंढ्या जुळी अधिक देतात. दोन कोकरे पोसण्याइतका चारा आणि दूध असेल, तिथेच हा मेंढा फायद्याचा.

नवा मेंढा तीन आठवडे कळपापासून वेगळा ठेवावा, त्याला जंतनाशक द्यावे आणि लसी पूर्ण कराव्यात. त्याच्या शरीरात वीर्यपेशी तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्यात मेंढ्या भरवायच्या असतील, तर खुराक दोन महिने आधी सुरू करावा. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या भुश्याला थोडी भरडलेली ज्वारी आणि पेंड जोडावी. मे महिन्याचे ऊन किंवा तापाचे दुखणे पुढचे दीड-दोन महिने त्याची फलनशक्ती घटवते, तेव्हा सावली आणि पाणी हवेच. न निवडलेले नर मेंढ्या भरवण्याआधी खच्ची करावेत किंवा वेगळे काढावेत.

काम सुरू झाल्यावर मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावावा. भरलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण उमटते. माज साधारण 17 दिवसांनी फिरतो, म्हणून तेवढ्या दिवसांनी रंग बदलावा. बऱ्याच मेंढ्यांवर दुसरा रंगही दिसला, तर त्या उलटल्या असे समजून मेंढा बदलावा.

चांगल्या मेंढ्यालाही दोन वर्षांनंतर त्याच कळपात ठेवू नये. तोवर त्याच्या लेकी माजावर येतात. बाप-लेकीच्या पैदाशीतून अशक्त, कमी जगणारी कोकरे निपजतात. नात्यात नसलेल्या दुसऱ्या कळपाशी मेंढ्याची अदलाबदल केली, तर नव्या खरेदीचा खर्चही वाचतो.