मद्यपान आणि सोशिक यकृत



दारूचा प्रश्न बहुधा नीतीच्या किंवा कायद्याच्या अंगाने चर्चिला जातो. परंतु भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचा उल्लेख येतो तो जनतेचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या जोडीने. या सांगडीमागील अर्थ शरीराच्या अंतरंगात डोकावल्याखेरीज पुरता उमगत नाही.

पोटात गेलेल्या दारूला अन्नासारखे पचन लागत नाही. तिचा थोडा अंश जठरातून व बराचसा लहान आतड्यातून थेट रक्तात उतरतो आणि काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचतो. दारूने तरतरी येते हा समज भ्रामक होय. ती मेंदूला चेतवीत नाही, मंदावते. प्रथम विवेक आणि संयम सुटतो, मग जीभ जड होते, तोल जातो. मात्रा फारच वाढली तर श्वासही थांबू शकतो. थंडीत तिने ऊब वाटते ती कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. प्रत्यक्षात शरीर त्या वेळी आपली उष्णता गमावीत असते.

रक्तात शिरलेल्या या दारूचा निचरा करण्याचे काम मुख्यत्वे यकृताचे. श्वास, घाम व लघवी यांवाटे तिचा अल्प भागच बाहेर पडतो. यकृत तिचे रूपांतर प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात करते व नंतर निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये. या कामाची गती ठरलेली आहे : प्रौढ माणसात ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे रात्री चार पेग घेणाऱ्याचे यकृत पहाटेपर्यंत राबत राहते. ताक, लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याचे स्नान यांनी ही गती वाढत नाही. ‘आता उतरली’ असे म्हणून वाहन हाती घेणाऱ्याच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेहून, म्हणजे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमहून, अधिक मद्यार्क असू शकतो.

यकृताचा स्वभाव सोशिक आहे. नित्याच्या मद्यपानाने त्यात प्रथम चरबी साठते. ते दुखत नाही आणि माणूस कामावर जात राहतो. पुढे दाह होतो, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी निबर तंतू वाढून यकृत आक्रसते. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी ही लक्षणे दिसतात तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. दारू देशी की विदेशी, स्वस्त की महाग, हा भेद यकृत जाणत नाही; त्याला ठाऊक असतो तो मद्यार्क. शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढीच दारू स्त्रीला अधिक बाधते.

मद्य कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदविले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आरोग्याला निर्धोक म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. झीज भरून काढण्याची विलक्षण शक्ती निसर्गाने यकृताला दिली आहे. दारू पूर्णपणे सोडल्यास चरबी साठण्याच्या टप्प्यावरील यकृत काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून ती एकाएकी तोडू नये, घरच्यांनीही त्याला कोंडून ठेवू नये. अशा वेळी हातांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. दोनतीन दिवसांत जिवावरही बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हाच काळ सुखरूप पार पडतो.

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून असंख्य माणसे आपापल्या संसारात परतली आहेत. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर सल्लाही मिळतो. लोकलज्जेस्तव घरातील माउलीने हे दुखणे पदराआड झाकले, तर तेवढे दिवस वायाच जातात. यकृत आपली व्यथा बोलून दाखवीत नाही. म्हणून त्याच्या वतीने घरातील माणसांनी वेळीच बोलले पाहिजे.