गाडी बंद पडते तेव्हा
(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रवासातल्या गमती' असं लिहिलंय. ही कुठे परदेशी जाऊन आली, असं कुणाला वाटलं असेल. माझा प्रवास जुन्नर ते घोडेगाव, घोडेगाव ते डिंभे, आणि तिथून पुढे गाडी जाईल तिथवर!

तरी एक लांबची गोष्ट सांगते. १९५७ साली १५ एप्रिलला लंडनहून वीस प्रवासी घेऊन एक बस निघाली, ती ५ जूनला कलकत्त्याला पोचली. परत लंडनला जाताना तिला १६ दिवस उशीर झाला. त्या प्रवासाकडे आजही साहस म्हणून पाहतात. आपल्या गाडीला दोन तास उशीर झाला, तर आपण घरी पोचल्यावर त्याला कुणी साहस म्हणत नाही. त्याला वेगळंच नाव मिळतं.

एका आठ मार्चला आम्ही पश्चिमेकडच्या गावांतून बायकांना आणायला एक जुनी गाडी भाड्याने केली होती. चढावर बॉनेटची कडी तुटली. झाकण उडून काचेवर आपटायला लागलं, ड्रायव्हरला रस्ता दिसेना. दोरी कुणाकडेच नव्हती. शेवटी मोर्चाचा कापडी फलक काढला आणि बॉनेट आवळून बांधलं. समोर मोठ्या अक्षरांत आलं, 'आता थांबणार नाही'. त्यानंतर गाडी तीनदा थांबली.

तिसऱ्यांदा इंजिन तापलं. ड्रायव्हर म्हणाला, "बायांनो, बघा जरा कुठं पाणी मिळतंय का." एक आजी खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरचं पाणी आम्ही भरायचं, आन् गाडीचंबी आम्हीच व्हय?" तो मुकाट्याने डबा घेऊन ओढ्याकडे गेला. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं, असं माझं मत आहे.

दुसरा प्रसंग नारायणगावच्या बाजूचा. संध्याकाळची वेळ, दोन्ही अंगाला ऊस, आणि जीपचं चाक बसलेलं. जादा चाक होतं, पण त्यातही हवा नव्हती. हा बिबट्याचा मुलूख, तुम्हाला काही सांगायला नको. आम्ही अकरा जणी एकमेकींना धरून मोठमोठ्याने गाणी म्हणत उभ्या. तेवढ्यात एकजण म्हणाली, "बिबट्या परवडला बाई. उशीर का झाला, असं तरी विचारत नाही."

सगळ्या खूप हसलो. पण जीप पुन्हा चालू झाली तशा एकेक जणी गप्प होत गेल्या. घरी काय सांगायचं, हे जिची ती मनात जुळवत होती.

मला बोलायचंय ते या गप्प होण्याबद्दल. पुरुषाची गाडी बंद पडली की चावडीवर सांगायला एक किस्सा होतो. बाईची गाडी बंद पडली की तिची चौकशी होते. पुढच्या बैठकीला ती येत नाही. अहवालात मात्र 'महिलांमध्ये जाणीव कमी' असं लिहिलं जातं. जाणीव भरपूर आहे हो, शेवटची गाडी नाही!

एसटी आपली आहे, म्हणून तिच्याकडे मागायचं. १७ मार्च २०२३पासून राज्यात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण गाडीच रद्द झाली तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? तिकीट अर्धं चालेल, गाडी पूर्ण हवी. गावात मुक्कामाची गाडी येते, म्हणून सकाळी मुली कॉलेजला जातात. ती बंद झाली की आधी मुलीचं शिक्षण थांबतं आणि मग तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं.

आपल्याच तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. गावच दिसेना, हे पहिल्यांदा बाहेर कळवलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. गाडी येते म्हणजे आपण आहोत की नाही, हे रोज कुणीतरी पाहून जातं.

म्हणून तीन कामं सुचवते. बैठकीची वेळ ठरवताना आधी शेवटची गाडी विचारा. प्रत्येक गटाने एक वही ठेवा : कुठली फेरी रद्द झाली, किती वाजताची, किती बायका आणि किती मुली अडकल्या. तीन महिन्यांनी ती वही आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन आगारप्रमुखांकडे जाऊ. आणि तिसरं म्हणजे, गाडी बंद पडली तर एकटीने घरी फोन करू नका. सगळ्या घरांना एकीनेच फोन करायचा आणि सांगायचं, "आम्ही अकरा जणी आहोत, गाडी बंद पडलीय, दिवा घेऊन फाट्यावर या."

विचारपूस करण्यापेक्षा न्यायला यावं, एवढी सवय घरच्यांना लावू.

आता थांबते. घोडेगावची गाडी साडेपाचची आहे, असं म्हणतात.