घरगुती स्टुडिओसाठी साउंड मॉड्यूल : निवड कशी करावी?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वार्षिक सभेत असा प्रस्ताव आला होता की, आपल्या आरत्या, मुलांची समूहगीते आणि बायकांची भोंडल्याची गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी एका क्वार्टरच्या मागच्या खोलीत छोटासा स्टुडिओ करावा, आणि त्यासाठी वर्गणीच्या शिल्लक रकमेतून एक सिंथेसायझर साउंड मॉड्यूल घ्यावे. मी विद्युत शाखेचा डिप्लोमावाला, नोकरी रेल्वेत, आणि रिकाम्या वेळी कीबोर्डवर बसणारा. म्हणून या विषयाची माहिती सर्वांसमोर मांडण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले. पैसा सर्वांचा आहे, तेव्हा सर्वांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

साउंड मॉड्यूल म्हणजे काय, इथून सुरुवात करू. कीबोर्डच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि आतला आवाज निर्माण करणारा भाग तेवढा एका चपट्या डब्यात ठेवला, की झाले साउंड मॉड्यूल. वाजवायला पट्ट्या बाहेरच्या, आवाज या डब्यातला. दोघांना जोडणारी जी पद्धत आहे तिला 'मिडी' म्हणतात. ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख शिल्पकार. या कामासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. विशेष म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ही पद्धत एकत्रितपणे स्वीकारली. त्यामुळे १९८५ सालचा कीबोर्ड आजच्या यंत्रालाही जोडता येतो.

आपल्यातील स्टेशन मास्तर मंडळींना मिडी चटकन समजेल. दोन स्टेशनांमधल्या ब्लॉकच्या तारेतून गाडी जात नाही, फक्त 'लाइन क्लिअर'चा निरोप जातो. गाडी रुळावरूनच जाते. तसेच मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. अमुक स्वर दाबला, इतक्या जोराने दाबला, आता सोडला, एवढाच निरोप जातो. वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स. एक स्वर दाबल्याचा निरोप तीन बाइट्सचा, आणि तो पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्याउलट सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट्स घेते, म्हणजे मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट. मिडीत केलेली अख्खी आरती काही किलोबाइटांत मावते.

याचा आपल्याला प्रत्यक्ष फायदा काय? पुरुष मंडळी काळी एकमध्ये गातात आणि भगिनींना काळी चार लागते. मिडीत वाजवून ठेवलेली साथ सात पट्ट्या वर सरकवली, तरी लय जशीच्या तशी राहते आणि आवाजही चिरका होत नाही. मुलांना सरावासाठी लय कमी करून हवी असेल, तर सूर न उतरता ती कमी होते. ज्यांनी कॅसेटवर सराव केला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता निवडीकडे वळू. दुकानदार पहिला आकडा सांगतो तो 'पॉलिफनी'चा, म्हणजे एका वेळी किती आवाज निघू शकतात याचा. रोलंडचे जेव्ही-१०८० हे १९९४ सालचे गाजलेले मॉड्यूल ६४ आवाजांचे आहे. आपले दैवत चौसष्ट कलांचे अधिपती, तेव्हा हा आकडा ऐकून हात जोडावेसे वाटतात. पण इथे थोडे थांबून हिशेब करायला हवा. त्या यंत्रात एकाच वाद्याचा आवाज चार थरांपर्यंत रचलेला असू शकतो. चारही थर वापरले तर एक स्वर चार आवाज खातो, म्हणजे एका वेळी स्वर उरले सोळा. त्यात डावा हात, उजवा हात, तालवाद्ये आणि मागे व्हायोलिनचा ताफा आला, की फलाट भरले. फलाट भरले तर आपण गाडी आउटरला थांबवतो. मॉड्यूल मात्र थांबवत नाही. ते आधीचा एखादा वाजता स्वर मध्येच तोडते. म्हणून आकडा पाहताना 'आवाज किती' याबरोबर 'एका स्वराला किती' हेही विचारावे. २००० साली आलेल्या एक्सव्ही-५०८० मध्ये ही क्षमता १२८ झाली. आपल्या कामाला ६४ पुरेसे आहेत.

दुसरा आकडा भागांचा. एका मिडी जोडणीत १६ मार्गिका असतात. चांगले मॉड्यूल सोळाही मार्गिकांवर वेगवेगळे वाद्य एकाच वेळी वाजवते. हा आकडा सोळाच्या खाली असेल, तर पुढे अडचण होते.

तिसरा मुद्दा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : आत वाद्ये कोणती? १९९१ साली 'जनरल मिडी' नावाची एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात १२८ आवाज आहेत आणि दहावी मार्गिका तालवाद्यांसाठी राखलेली आहे. त्या यादीत १०५ व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२ व्या क्रमांकावर शहनाई. पेटीच्या जवळचा म्हणून २१ वा, रीड ऑर्गन. तालवाद्यांच्या यादीत बोंगो आहे, कोंगा आहे, पण तबला नाही, ढोलकी नाही, पखवाज नाही. आपले बिलासपूरचे सहकारी बंधू करमा नृत्याला जो मांदर वाजवतात, तोही नाही. यात कोणाचा दोष नाही. यादी करणाऱ्यांसमोर त्यांचा बाजार होता. पण 'जनरल मिडी' ही पाटी पाहून सर्व वाद्ये मिळाली असे समजू नये. जेव्ही-१०८० मध्ये चार वाढीव बोर्ड बसवण्याची सोय आहे आणि त्या मालिकेत आशियाई वाद्यांचाही एक बोर्ड निघाला होता. जुने यंत्र घेताना आत कोणते बोर्ड आहेत, हे पडद्यावर पाहून घ्यावे. भारतीय तालांसाठी तयार मार्ग हवा असेल, तर यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारखे, खास भारतासाठी काढलेले कीबोर्ड हाही पर्याय आहे. त्यांत तबल्याचे ठेके तयार मिळतात.

चौथा मुद्दा सुरांचा. सिंथेसायझर समान अंतराच्या बारा पट्ट्यांवर चालतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार या पट्टीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो; १०० सेंट म्हणजे एक पट्टी. आरतीत हे खपून जाते, पण भजनात तंबोरा लावून गाणाऱ्याला ते टोचते. काही मॉड्यूलांत प्रत्येक स्वर थोडा वरखाली करण्याची 'स्केल ट्यून' ही सोय असते. ती आहे का, हे जरूर विचारावे. मींडेसाठी कीबोर्डवर पिच बेंडची पट्टी किंवा चाक लागते. मिडीत त्याचे १६,३८४ टप्पे असतात, त्यामुळे सूर सलग सरकतो. ते चाक नसेल, तर शहनाईचा आवाज कितीही चांगला असला तरी ती पेटीसारखीच वाजेल.

यंत्रातून आपला नाद काढता येतो का, असा प्रश्न काही ज्येष्ठांनी विचारला. येतो, पण हात कोणाचा यावर ते अवलंबून असते. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, आणि गारुड्याच्या पुंगीपेक्षा लोकांना तीच खरी वाटू लागली. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी दहा राग सिंथेसायझरवर वाजवून तबकडी काढली. यंत्र साधे होते, पण वाजवणाऱ्याला आधी बीन आणि राग माहीत होते.

आता सेकंडहँड खरेदीविषयी, कारण मॉड्यूल बहुधा जुनेच मिळेल. येथे माझे विद्युत खाते कामाला येते.

पहिले म्हणजे मागची पाटी वाचा. जपानमधून आलेले यंत्र १०० व्होल्टचे असू शकते. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये. योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची किंमत व्यवहारात धरावी लागते. दुसरे, आत एक नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की आपण साठवलेले आवाज पुसले जातात. कारखान्यातून आलेले आवाज मात्र सुरक्षित राहतात. तेव्हा बॅटरी बदलल्याशिवाय साठवण करू नये. तिसरे, पडद्याचा उजेड, बटणे आणि फिरवायची खुंटी तपासा. खुंटी एक घर फिरवल्यावर आकडा तीन घरे उडत असेल, तर ती झिजली आहे. चौथे, यंत्र अर्धा तास चालू ठेवून मगच सर्व आउटपुट ऐका. गरम झाल्यावरचा दोष तेव्हाच कळतो. पाचवे, जुन्या मॉड्यूलला पाच पिनांची गोल सॉकेट असते आणि आजच्या अनेक स्वस्त कीबोर्डांना फक्त यूएसबी. दोन्हींचा मेळ बसतो का, हे आधी पाहा.

जोडणीत अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर असतो, म्हणजे निरोप प्रकाशाने पलीकडे जातो आणि दोन यंत्रांत विजेचा थेट संबंध राहत नाही. पण आवाजाच्या तारांत तो असतो. मॉड्यूल एका भिंतीच्या प्लगवर आणि संगणक दुसऱ्या भिंतीच्या, असे केले तर ध्वनिमुद्रणात घूंऽऽ असा गुणगुणाट येण्याची शक्यता असते. सर्व यंत्रे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावीत. गुणगुण थांबवण्यासाठी कोणी तीन पिनांतील अर्थची पिन काढा असा सल्ला देईल, तो कदापि ऐकू नये. मुले हाताळणार आहेत.

आता जो प्रश्न तरुण मंडळी विचारतात तो : आज संगणकातच हे सारे आवाज मिळतात, मग डबा कशाला? प्रश्न रास्त आहे. रोलंडने स्वतःच जेव्ही-१०८० सॉफ्टवेअरच्या रूपात आणले आहे. ज्याच्या घरी बऱ्यापैकी लॅपटॉप आहे, त्याने स्वतःसाठी मॉड्यूल घेऊ नये, असेच मी सांगेन. पण मंडळाची गरज वेगळी आहे. येथे यंत्र दहा घरांतले लोक वापरणार. बटण दाबले की आवाज आला पाहिजे. पासवर्ड कोणाकडे आहे आणि अपडेट कधी संपणार, याची वाट पाहत आरती थांबत नाही. मॉड्यूल मांडवातही नेता येते आणि बदली होऊन कोणी गेले तरी ते मंडळाकडेच राहते. शेवटचा मुद्दा आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना विशेष पटेल.

तरीही, मित्रहो, माझी शिफारस प्रस्तावापेक्षा थोडी निराळी आहे. यंत्र घ्यावे ते आपल्याकडे जे नाही त्यासाठी. आपल्याकडे व्हायोलिनचा ताफा नाही, बासरीवाला नाही, बेस गिटार नाही. ते मॉड्यूलमधून घेऊ. पण आपल्याकडे पेटी आहे, ढोलकी आहे, टाळ आहेत आणि दोन वर्षांच्या नातवापासून आजींपर्यंत गळे आहेत. त्यांच्यासाठी एक चांगला मायक्रोफोन, ४८ व्होल्टचा पुरवठा देणारा दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस आणि भिंतींना लावायला जाड गोधड्या एवढे पुरेसे आहे. रुळालगतच्या क्वार्टरमध्ये प्रवासी गाड्यांची वेळ टाळता येईल. मालगाडीला वेळापत्रक नाही, पण आपल्या कंट्रोलमधल्या मित्रांना एक फोन करता येईल.

आपले पेटीवाले काका येत्या मार्चअखेर सेवानिवृत्त होत आहेत आणि नाशिकला मुलीकडे राहायला जाणार आहेत. गेली कित्येक वर्षे आपली आरती त्यांच्या बोटांवर चालली. 'सुखकर्ता' संपताना ते जी एक छोटी जागा घेतात, ती आपल्या मुलांना इतकी सवयीची आहे की, दुसरीकडे आरती ऐकली तर काहीतरी राहिले असे त्यांना वाटते. ती जागा कोणत्याही मॉड्यूलच्या यादीत, कोणत्याही क्रमांकावर मिळणार नाही.

म्हणून क्रम असा असावा. या महिन्यात मायक्रोफोन आणि इंटरफेस. दिवाळीनंतर दर रविवारी काकांच्या पेटीवर सर्व आरत्या, मंत्रपुष्पांजलीसकट, दोन्ही पट्ट्यांत मुद्रित करून ठेवणे. त्यानंतर सावकाश, वरच्या कसोट्या लावून, मॉड्यूल. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मॉड्यूल पुढच्या वर्षावर टाकावे. बाजारात ते पुढच्या वर्षीही मिळेल. काका मात्र तेव्हा नाशिकला असतील.

हा निर्णय अर्थातच सभेचा आहे. शंका असतील त्यांनी महाप्रसादाच्या वेळी मला जरूर गाठावे.

गणपती बाप्पा मोरया!